टाकी खोदतानाच ठरते, आत कोण उतरणार!

गेल्या उन्हाळ्यात दाजींच्या घराचे बांधकाम पाहण्यासाठी तालुक्याच्या गावी गेलो होतो. दाजी एस.टी.तून निवृत्त झालेले. आयुष्यभराची पुंजी त्यांनी दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर ओतली आहे. तथागतांची मूर्ती कोणत्या भिंतीला ठेवायची, बाबासाहेबांची तसबीर दारातून आत येताच दिसेल अशी कुठे लावायची, ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्यायचा की हिरवा, यावर ताई आणि भाच्याची तासभर चर्चा चालली होती. घरामागे मात्र फक्की टाकून दहा बाय आठ फुटांचा एक चौकोन आखून ठेवला होता आणि त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हते.

गवंड्याला विचारले, हे काय? तो म्हणाला, "सेप्टिकची टाकी, साहेब. दहा फूट खोल घेतो. खाली काँक्रीट टाकायचंच नाही, पाणी आपोआप जिरतं. पंचवीस वर्षं झाकण उघडायला नको." दाजी खूश होते. मी म्हटले, पंचविसाव्या वर्षी उघडावे लागले तर कोण उघडणार? हातातली थापी न थांबवता तो उत्तरला, "माणसं मिळतात की!"

माणसं मिळतात! कोणती माणसं? ती कोणत्या वस्तीतून येतात, हे या देशात कुणाला सांगावे लागत नाही. बंगला बांधणारा सवर्ण असो, ओबीसी असो की आपला बौद्ध बांधव असो, टाकी तुंबल्यावर फोन त्याच वस्तीत जातो. हजार-दोन हजार रुपये आणि एक बाटली एवढ्यात सौदा ठरतो. हा सौदा ठरताना कुणालाही आपण गुन्हा करीत आहोत असे वाटत नाही. म्हणून आज कायद्याच्या आधी गवंडीकामाविषयी लिहितो आहे. टाकीत माणूस मरतो त्या दिवशी पोलीस येतात, पंचनामा होतो, पुढारी येतात. परंतु त्या मरणाची सोय बहुतेक वेळा फार पूर्वी, टाकी खोदली त्याच दिवशी करून ठेवलेली असते.

टाकीचे काम मुळात साधे आहे. शौचकुपातून आलेला मैला टाकीत थांबतो. जड भाग तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग साय धरल्यासारखा वर तरंगतो आणि मधले पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडून शोषखड्ड्यात जाते. तळाचा गाळ जंतू हळूहळू कुजवतात, पण तो संपूर्ण नाहीसा होत नाही. साठत जातो. म्हणून दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. दोन-तीन वर्षांत उपसला तर गाळ पातळ असतो आणि गाडीच्या नळीने सहज ओढला जातो. पंधरा-वीस वर्षे ठेवला तर तळाचा थर दाबून घट्ट होतो. नळी वरचे पाणी ओढते, खालचा गाळ जागचा हलत नाही. मग गाडीवाला हात वर करतो आणि कुणीतरी म्हणते, फावडे-बादली घेऊन एक माणूस उतरवा. 'पंचवीस वर्षं उघडायला नको' या गवंड्याच्या अभिमानाच्या वाक्याचा व्यवहारातला अर्थ हा आहे.

आकाराचेही तसेच. भारतीय मानकानुसार दहा माणसांच्या घराला सुमारे साडेसहा फूट लांब व तीन फूट रुंद टाकी पुरते. दर दोन वर्षांनी उपसायची असेल तर पाण्याची खोली सव्वातीन फूट, तीन वर्षांनी उपसायची असेल तर साडेचार फूट, आणि वर फूटभर मोकळी जागा. पाच माणसांच्या घराला पाच फूट बाय अडीच फूट पुरे. म्हणजे दाजींच्या घराला फार तर दोन-अडीच हजार लिटरची टाकी हवी होती. गवंडी खोदत होता ती बावीस हजार लिटरच्या वर जाणारी विहीर! मैला ओढणारी गाडी साधारणपणे तीन ते पाच हजार लिटरची असते. लहान टाकी एका खेपेत रिकामी होते. या विहिरीला पाच-सहा खेपा, आणि तळ तरीही तसाच. खर्च ऐकूनच घरमालक पुढच्या वर्षावर ढकलतो. मग विटा, सिमेंट आणि खोदाईचे पैसे जादा घालून आपण मिळवले काय?

आणि तळाला काँक्रीट नाही, तर ती सेप्टिक टाकीच नव्हे. २०१३ च्या कायद्यातील व्याख्येतच ती पाणी न झिरपणारी असली पाहिजे, असे म्हटले आहे. बिनतळाची टाकी म्हणजे नुसता खड्डा. त्यातला मैला शेजाऱ्याच्या बोअरमध्ये आणि वस्तीच्या विहिरीत उतरतो.

आता कायद्याकडे येतो. हाताने मैला उचलणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा अमलात आला ती तारीख ६ डिसेंबर २०१३. महापरिनिर्वाण दिनी लागू झालेला हा कायदा आपल्यातल्या किती शिकलेल्यांनी वाचला आहे? त्याच्या कलम ७ प्रमाणे कोणत्याही व्यक्तीने, स्थानिक प्राधिकरणाने वा संस्थेने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कुणालाही गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी लावता येत नाही. 'कोणत्याही व्यक्तीने' यात घरमालक आला. 'अप्रत्यक्षपणे' यात ठेका देणाराही आला. कलम ९ खाली पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे व पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर १९९३ पासूनच्या प्रत्येक अशा मृत्यूसाठी कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख करण्यात आली.

तरीही माणसे मरतच आहेत. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईत ३७७ जणांचा मृत्यू झाल्याचे खुद्द केंद्र सरकारने संसदेत सांगितले. 'हाताने मैला उचलण्यामुळे' मात्र एकही मृत्यू नाही, असेही सरकार सांगत आले आहे. कायद्यात या दोन गोष्टींच्या व्याख्या वेगळ्या आहेत, त्यामुळे कागदोपत्री ते बरोबर ठरते! मेलेल्याच्या बायकोला हा व्याख्येतला फरक कुणी समजावून सांगावा? २०२२ व २०२३ मधील अशा ५४ मृत्यूंचा सामाजिक लेखाजोखा सरकारनेच करवून घेतला. त्याची माहिती २०२५ मध्ये संसदेपुढे आली. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षा साधन नव्हते. आणि माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ५४ पैकी ३८ जण वैयक्तिक रीत्या कामाला लावलेले होते. ना पालिकेचे, ना सरकारचे. कुणीतरी बोलावले आणि ते गेले.

टाकीतला मृत्यू कसा येतो, तेही लोकांना नीट ठाऊक नसते. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि प्राणवायू घटतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. "आता वास येत नाही, उतर" असे वरचा माणूस सांगतो ती वेळ सर्वांत धोक्याची असू शकते. काही ठिकाणी दिवा किंवा पेटती काडी सोडून पाहतात. मिथेन पेट घेतो, हे त्यांच्या गावी नसते. आणि एक पडला की त्याला काढायला भाऊ उतरतो, मग साडू उतरतो. एकाच घरातली दोन-तीन प्रेते निघतात ती यामुळे. तोंडाला फडके बांधून यातले काहीही टळत नाही.

गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेत डिसेंबर २०१९ मध्ये टाकी साफ करताना तिघांचा जीव गेला. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाखांची भरपाई देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. शासनाने ती रक्कम जबाबदार असलेल्यांकडून वसूल करावी, असेही सांगितले. टाकी खासगी होती, ठेकेदार खासगी होता, म्हणून शासनाला हात झटकता आले नाहीत. अशा प्रकरणात वकिलांनी हा निकाल हाताशी ठेवावा.

माझ्याकडेही काही वर्षांपूर्वी असेच एक प्रकरण आले होते. पस्तिशीतली विधवा, दोन मुले. घरमालकाचा बचाव ठरलेला: आम्ही ठेका दिला होता, आत उतरा असे आम्ही म्हटले नव्हते. मी घटनास्थळ पंचनामा पुन्हा पुन्हा वाचला. टाकीची खोली बारा फूट. झाकण एकच, तेही न्हाणीघराच्या फरशीखाली. घराची बोळ इतकी अरुंद की गाडीची नळीसुद्धा वळणार नाही. ही टाकी माणूस आत उतरल्याशिवाय साफ होणे शक्यच नव्हते. मग 'उतरा' असे तोंडाने म्हणायची गरज काय होती? ते तर विटा-सिमेंटात लिहून ठेवले होते! नगरपरिषदेने मंजूर केलेल्या नकाशात त्या जागी फक्त एक चौकोन आणि इंग्रजीतली दोन अक्षरे होती.

त्या रात्री घरी आल्यावर मी माझ्याच घराची टाकी शोधली. लाज वाटते सांगायला, पण ती सापडली नाही. गाडी लावायच्या जागेत नवीन फरशी बसवताना झाकण बुजवले गेले होते आणि मीच त्या फरशीचा रंग निवडला होता. फरशी फोडली. चौदा वर्षांचा गाळ होता. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो सैल करावा लागला, दोन खेपा झाल्या. माझा संसार परिवर्तनाच्या भाषणांवर चाललेला, आणि माझ्याच अंगणात ही व्यवस्था बुजवून ठेवलेली!

आपल्या वसाहतींमध्ये, जिथे रस्त्याला बाबासाहेबांचे नाव आहे आणि चौकात विहार आहे, तिथे वेगळे चित्र आहे काय? मी अनेक ठिकाणी विचारून पाहिले आहे. शिकलेली, नोकरदार माणसे सांगतात, "एकदा मेहतर वस्तीतल्या पोरांना बोलावलं होतं." हे सहजपणे सांगतात. आपल्या आज्या-पणज्यांनी गावची मेलेली ढोरे ओढणे बाबासाहेबांच्या सांगण्यावरून टाकले, घरादारावर बहिष्कार ओढवून घेतला, तो काय हे काम उतरंडीतल्या आणखी खालच्या पायरीवर ढकलण्यासाठी?

मग टाकी बांधायची कशी? वर दिलेल्या मापाहून फार मोठी करू नका. जागा घराखाली किंवा न्हाणीखाली नको. रस्त्यावर उभ्या गाडीची नळी पोहोचेल अशी मोकळी हवी. तळाला काँक्रीट, भिंतींना आतून सिमेंटचा पक्का गिलावा. दोन हजार लिटरच्या वर टाकी असेल तर मध्ये आडभिंत घालून दोन कप्पे करा, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना 'टी' बसवा. 'टी' नसेल तर वरची साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा बुजतो. प्रत्येक कप्प्यावर एक झाकण, दीड बाय दोन फुटांचे, जमिनीच्या वर दिसणारे. ते नळीसाठी आहे, माणसासाठी नाही, असे गवंड्याला स्पष्ट सांगा. वायू जाण्यासाठी दोन इंची पाइप, तोंडाला डासांची जाळी, आणि टाकी घरालगत असेल तर तो पाइप घराच्या माथ्यापेक्षा सहा-सात फूट वर न्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. नवी, कधीच न वापरलेली टाकीही माणूस मारते. वर स्लॅब ओतला जातो, खाली सेंट्रिंगच्या फळ्या राहतात. पंधरा-वीस दिवसांनी त्या काढायला एक पोरगा झाकणातून उतरतो. आत ओल, साचलेले पाणी, कुजकी लाकडे आणि प्राणवायू संपलेला. मैल्याचा कणही नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. अशा मृत्यूच्या बातम्या दर पावसाळ्यात आतल्या पानावर चार ओळींत येतात. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. स्लॅब जागेवर ओतूच नका. बाहेर जमिनीवर फाडी ओतून, पाणी मारून तयार करा आणि टाकीवर आडव्या ठेवा. सेंट्रिंग नाही, तर ते काढायला उतरणेही नाही.

तयार प्लॅस्टिकच्या टाक्या आता मिळतात. त्या बसवताना बाजूची माती भरत असतानाच आत पाणी भरत जा. रिकामी टाकी बाजूच्या मातीने दबते, आणि जमिनीतले पाणी वर आले की होडीसारखी उचलली जाते. पाइप तुटतात आणि सगळा खर्च वाया जातो.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान साठ फूट दूर हवा. टाकीतून निघालेले पाणी स्वच्छ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते उघड्या गटारीत सोडणे, जे आपल्याकडे सर्रास चालते, म्हणजे खालच्या वस्तीच्या दारात मैला नेऊन सोडणे होय. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाणी सहजी जिरत नाही. तिथे एका खोल खड्ड्यापेक्षा खडी भरलेले उथळ लांब चर बरे.

जिथे गाडी जाऊच शकत नाही अशा दाट वस्तीत किंवा आडवळणाच्या गावात टाकीचा हट्टच का? दोन शोषखड्ड्यांचे शौचालय बांधा. एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला किमान वर्षभर, शक्य तर दीड-दोन वर्षे, बंद ठेवायचा. त्याची कोरडी, वास नसलेली माती होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे तत्कालीन सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे अशा खड्ड्यात स्वतः उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढले. छायाचित्रे सर्वत्र छापून आली. सनदी अधिकारी या खड्ड्यात उतरू शकतो आणि हसत वर येतो. सेप्टिक टाकीत उतरायला मात्र अजून कुणी सचिव पुढे आलेला माझ्या पाहण्यात नाही! स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण शौचालयाला बारा हजार रुपये मिळाले. त्यातून दोन खड्डे बांधावेत, असा सरकारचाच आग्रह होता. गावोगावी गवंड्यांनी मात्र एकच मोठी टाकी बांधून दिली आणि लोकांना तीच प्रतिष्ठेची वाटली.

जपानमध्ये जमिनीखाली बसवायच्या घरगुती सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीला 'जोकासो' म्हणतात. शौचालयाचे, न्हाणीचे, स्वयंपाकघराचे पाणी तिच्यात एकत्र जाते आणि यंत्राने हवा सोडून ते शुद्ध केले जाते. त्या टाकीसाठी १९८३ साली स्वतंत्र कायदा झाला. टाकी बसवताना पात्रताधारक तंत्रज्ञाची देखरेख हवी, बसवल्यावर तपासणी, नंतर दरवर्षी तपासणी आणि सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा गाळ उपसणे मालकावर बंधनकारक आहे. ते यंत्र महाग आहे, त्याला वीज लागते, आपल्याकडे ते घरोघरी बसेल असे मी म्हणत नाही. पण तिथे कायदा टाकी जमिनीत जाण्याआधी येतो. आपल्याकडे प्रेत वर आल्यावर येतो.

आपल्याच राज्यात साताऱ्यातील वाई व नाशिकमधील सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ मध्ये सुरुवात करून दाखवली आहे. टाकी तुंबण्याची वाट न पाहता गावाचे भाग पाडून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी गाडीने उपसायची, खर्च स्वच्छता कराच्या रूपाने वसूल करायचा आणि मैला नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात न्यायचा. यात आकाशातले तारे तोडून आणायचे नाहीत. वाई-सिन्नरला जमते ते तुमच्या नगरपरिषदेला का जमत नाही, हा प्रश्न आपल्या नगरसेवकांनी सभागृहात विचारला आहे काय? बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देताना टाकीचे झाकण उघडून मापे तपासा, एवढा साधा ठराव मांडायला बहुमतही लागत नाही, हिंमत लागते.

दाजींकडे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाद चालला. गवंडी म्हणाला, एवढी लहान टाकी बांधली तर गावात माझं नाव जाईल. दाजी म्हणाले, वकीलसाहेब, दर तीन वर्षांनी गाडी बोलवायची म्हणजे खर्चच की! ताईने मध्येच विचारले, "त्या टाकीत आपला पोरगा उतरवाल का?" त्यानंतर कुणी बोलले नाही. फक्की पुसून साडेसहा बाय तीनचा नवा चौकोन आखला गेला. स्लॅबच्या फाड्या अंगणातच ओतल्या. शोषखड्ड्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण माती काळी आहे आणि चराला जागा हवी म्हणून ताईचे कडीपत्त्याचे झाड काढावे लागेल, ज्याला ती तयार नाही. झाकणाजवळच्या भिंतीवर भाच्याने मात्र ऑइलपेंटने पुढच्या उपशाचा महिना आणि साल लिहून टाकले आहे.